दोन देवळं आणि आमचं एक घर

किस्सा एकटा कधी येत नाही. आमच्या घरी कोणी चहाला टेकलं आणि "तुम्ही दोघं नक्की कुठल्या देवळात जाता हो?" असं विचारलं, की संपलंच! एक सांगायला घ्यावा तर त्याच्या पदराला धरून दुसरा येतो. दुसरा संपतो न संपतो तोच आमचे हे तिसऱ्याची सुरुवात चुकीची करून मोकळे झालेले असतात. मग ती दुरुस्त करायला मला चौथा सांगावा लागतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण हा साठा काही संपत नाही.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगते. मी सगुणा. सोलापुरातल्या मिशनच्या शाळेत बालवर्गाची शिक्षिका आणि जन्मापासून मिशनच्या देवळातली. आमच्याकडं छापील प्रार्थना नाहीत, गुडघे टेकणं नाही. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी आणि पंचांनी मनातून प्रार्थना करायची, बाकीच्यांनी मान खाली घालून बसायचं आणि पेटी-तबल्यावर भजनं म्हणायची. माझे वडील याच मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पंच. शाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, घरात आम्हीसुद्धा.

आमचे हे, म्हणजे शमुवेलराव, स्टेशनात तारमास्तर. हे इंग्लंडच्या मंडळीचे. त्यांचं देऊळ स्टेशनाजवळ, दगडी आणि लहानसं. रेल्वेच्या साहेबलोकांची उपासना इंग्रजीत व्हायची. मराठी माणसांसाठी महिन्यातून एकदा पुण्याहून पाद्रीसाहेब यायचे. तिथं सगळ्या प्रार्थना पुस्तकातून. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, सगळं आधीच ठरलेलं.

आमची शेजारीण नरसम्मा, हातमागावर लुगडी विणणाऱ्या तेलुगू घरातली. तिला मी एकदा हे सगळं नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे देव एक, देवळं दोन, आणि सून मधी! आमच्यात पण हेच हाय की!"

पण यातली एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला आमच्या देवळात दुसऱ्या मंडळीच्या माणसालाही मिळायचा. त्यांच्या देवळात मात्र ज्याच्या डोक्यावर हात ठेवून बिशपसाहेबांनी त्याला मंडळीत पक्कं करून घेतलंय, त्यालाच. म्हणजे मला तिकडं मिळत नव्हतं आणि माझ्या सासूबाई इकडं घ्यायला तयार नव्हत्या. घरात आम्ही तिघं एका चुलीवरचं खायचो, पण प्रभूच्या पंगतीला तिघं कधी एकत्र बसलो नाही. ती एक पंगत व्हावी, एवढंच माझं मागणं होतं. बाकी मला काही कमी नव्हतं.

*

हे मला बघायला आले, तेव्हा मास्तरांनी ना पगार विचारला, ना घरदार. पोह्यांची बशी पुढं ठेवली आणि थेट विचारलं, "प्रार्थना पुस्तकातून करता की मनातून?"

मी दाराआड उभी होते. म्हटलं, झालं! आता हा माणूस पोहे खाऊन उठणार आणि जाणार.

ह्यांनी चमचा खाली ठेवला, जरा विचार केला. म्हणाले, "रोज पुस्तकातून करतो, मास्तर. संकट आलं की मनातून."

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "मग आत्ता इथं बसून कुठली चाललीय?"

"मनातली!"

मास्तर इतके हसले की आतून आई बाहेर आली. लग्न तिथंच ठरलं.

*

लग्न आमच्या देवळात झालं. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, नवं लुगडं नेसून दारापर्यंत आल्या, वहाणा काढल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. पाळक आले, मास्तर आले, चार बायका आल्या. सगळ्यांनी विनवलं, "आत चला की!"

"हितनं दिसतंय की समदं," एवढंच उत्तर.

उपासना सुरू झाली. पाळकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, की या विवाहाला कोणाची काही हरकत असेल तर त्यानं आताच सांगावी.  मंडळीतल्या बऱ्याच माना हळूच दाराकडं वळल्या. 

पायरीवरून खणखणीत आवाज आला, "न्हाय न्हाय! चालू द्या तुमचं!"

त्यांचा हट्ट कशापायी, ते मला पुढं वर्षभरानं कळलं. त्यांचं माहेर माळशिरसच्या बाजूच्या एका खेड्यात. दुष्काळात गाव ओस पडत होतं, तेव्हा एका म्हाताऱ्या पाद्र्यानं तिथं चूल पेटवून पोरांना जेवू घातलं होतं. त्यानंच आत्याबाईंना प्रार्थना शिकवल्या, त्यानंच पहिल्यांदा प्रभुभोजनाला गुडघ्यांवर बसवलं. आत्याबाई म्हणाल्या, "भुकेच्या वक्ताला ज्यानं ताट वाढलं, त्याची पंगत सोडून दुसरीकडं बसू व्हय मी? तूच सांग."

 त्या दिवसापासून मी त्यांना आत या म्हटलं नाही.

*

ह्यांच्या देवळातला माझा पहिला रविवार. तिथं कधी उठायचं, कधी बसायचं, काही कळेना. हे पुढं बाजाची पेटी वाजवायला बसलेले. मी मनाशी ठरवलं, पुढच्या बाकावरचा माणूस जे करील तेच करायचं.

पुढच्या बाकावर एक म्हातारे गार्ड होते. ते उभे राहिले, मी उभी. ते टेकले, मी टेकले. पाचदहा मिनिटांत मला चांगलं जमायला लागलं. मनात म्हटलं, यात काय अवघड आहे!

सगळे गुडघ्यांवर असताना गार्डबाबा उठले. मी उठले. ते बाकाच्या बाहेर आले. मी आले. ते मधल्या वाटेनं दाराकडं चालायला लागले, तेव्हा मला वाटलं, असेल काहीतरी मिरवणुकीसारखं. मी पदर नीट केला आणि गंभीर चेहऱ्यानं त्यांच्या मागून निघाले.

बाहेर पायरीवर त्यांनी टोपी घातली, खिशातून शिट्टी काढली आणि मागं वळून बघितलं.

"का हो बाई," ते म्हणाले, "तुमची पण मालगाडी हाय का?"

*

माझं सांगितलं, आता ह्यांचंही सांगायलाच हवं.

आमच्या मंडळीत अण्णा नावाचे एक पंच होते. माणूस देवासारखा, पण प्रार्थनेला उभे राहिले की बसायचं विसरायचे. बादशहापासून सुरुवात करायची, मग कलेक्टर, म्युनिसिपालिटी, गिरण्यांतले कामगार, पाऊस, गुरंढोरं, आजारी माणसं नावानिशी, आणि पुन्हा एकदा बादशहा. माझ्या बालवर्गातल्या धाकट्या मुली माझ्या मांडीवर झोपून जाग्या व्हायच्या, तरी अण्णा म्युनिसिपालिटीतच असायचे.

ह्यांना छापील प्रार्थनांची सवय. तिकडं प्रार्थना आटोपशीर, आणि ती संपली की सगळ्यांनी मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं. अण्णांनी गुरंढोरं संपवून दम घ्यायला क्षणभर आवाज थांबवला. ह्यांना वाटलं, संपली. प्लॅटफॉर्मभर पोचणाऱ्या आवाजात हे म्हणाले, "आमेन!"

मागोमाग सगळ्या देवळानं इतक्या आनंदानं 'आमेन' म्हटलं, की पेटीवाल्यानं भजन सुरूच करून टाकलं! अण्णा बिचारे तोंड उघडं ठेवूनच खाली बसले.

उपासना झाल्यावर मी लाजेनं मरत होते. पाळक आमच्याकडंच येत होते. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. ते ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "शमुवेलराव, पुढच्या रविवारी जरा त्या खांबापाशी बसा. तिथून आवाज चांगला घुमतो."

आणि एक गंमत. आमच्या देवळात बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं. एकत्र देवळात जाता यावं म्हणून आम्ही एवढी यातायात केली, आणि देवळात पोचल्यावर नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला!

*

तरी शेवटी आम्ही ठरवलं, की रोजची ओढाताण नको. कुठलं तरी एक देऊळ धरायचं आणि सगळ्यांनी तिकडंच जायचं. हे तारेचा कागद घेऊन बसले. मध्ये रेघ मारली. एका बाजूला 'मिशन', दुसऱ्या बाजूला 'स्टेशन'.

मिशनखाली लिहिलं, गाणी चांगली. स्टेशनखाली, उपासना लवकर संपते. मिशनखाली, दर रविवारी असते. स्टेशनखाली, घराजवळ आहे. हे तारमास्तर, त्यामुळं सगळं तारेच्या भाषेत, एकही शब्द जास्त नाही.

मग मी म्हटलं, "मी बिशपसाहेबांकडून डोक्यावर हात ठेवून घेते. तुमच्याकडं आले की प्रश्न मिटला." हे म्हणाले, "मास्तर काय म्हणतील?" मास्तर तोंडानं काहीच म्हणाले नसते. पण त्यांच्या मनात आलं असतं, की मग आजवर मी माझ्या लेकीला दिलं ते काय प्रभुभोजन नव्हतं?

हे म्हणाले, "मग मी माझं नाव काढून तुमच्याकडं आणतो." मी म्हटलं, "आणि आत्याबाई तिकडं एकट्या गुडघे टेकणार?"

 मग ह्यांनी दोन्ही बाजूंना खाली एकच ओळ लिहिली, 'म्हातारं माणूस दुखावेल.' कागदाची घडी घातली आणि आम्ही चहा टाकला. त्या दिवशी काही ठरलं नाही, पण इतकं खरं बोलणारा आणि इतकं थोडं बोलणारा नवरा मिळाला म्हणून मी देवाचे आभार मानले.

व्यवस्था मग आपोआप लागली. पाद्रीसाहेब यायचे त्या रविवारी सगळे स्टेशनाकडं, बाकीचे रविवार मिशनकडं. मिशनच्या देवळात आम्ही आत, आत्याबाई पायरीवर. आत अण्णांची प्रार्थना चालायची, बाहेर आत्याबाईंची स्वतःची.

*

आत्याबाई प्रार्थना पुस्तक हातात धरून म्हणायच्या. पानं वेळेवर उलटायच्या, मध्येच बोटाला थुंकी लावायच्या. मी शाळेत शिकवणारी, पण माझ्या वर्षभर लक्षात आलं नाही. एकदा वाकून बघते तर काय, पुस्तक उलटं!

"आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नाही?"

"न्हाय की."

"मग हे?"

"पाद्रीबाबानं हातात पुस्तक धरूनच म्हणायला शिकवलं. म्हून धरायचं."

"अहो, पण उलटं धरलंय!"

"मग? उलटं धरलं म्हून देव काय उलटं ऐकतो व्हय?"

मी पोट धरून हसले. पुढं त्याच पाठ केलेल्या प्रार्थनांनी मला कुठं नेऊन ठेवलं, ते सांगते.

आमची लेक झाली आणि मला ताप भरला. उतरेचना. डॉक्टरीणबाई दिवसातून दोन वेळा येऊन जायच्या आणि जाताना ह्यांच्याशी बाहेर बोलायच्या, माझ्यासमोर नाही. मनातून प्रार्थना करणाऱ्यांत मी वाढलेली, पण त्या दिवसांत मनात एक शब्द उरला नव्हता. देवाला हाक मारायची तरी शब्द लागतात ना!

आत्याबाई उशाशी बसल्या. कपाळावर ओला फडका आणि तोंडानं त्यांचं ते पाठ. तेच शब्द, त्याच क्रमानं, पुन्हा पहिल्यापासून. मला करण्यासारखं काही नव्हतं. मी नुसती त्या शब्दांवर अंग टाकून पडले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर माझे ओठ हलायला लागले, तेव्हा त्या थांबल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

आणि आमच्या मिशनच्या बायका! रोज एकजण यायची, दारात उभी राहून मनातून दोन वाक्यं बोलायची आणि भाकरी-कालवणाचा डबा ठेवून जायची. अण्णांनी माझ्यासाठी देवळात प्रार्थना केली. किती वेळ केली ते विचारू नका, पण म्हणे त्या दिवशी खांबापाशी बसलेल्या माणसानं 'आमेन' म्हटलं नाही. उलट संपल्यावर हे रडत होते.

लोक विचारतात, पुस्तकातली प्रार्थना चांगली की मनातली? मी सांगते, मला दोन्हींनी वाचवलं. यापलीकडं मला त्यातलं काही कळत नाही.

*

आत्याबाईंचा आणखी एक नेम होता. प्रभुभोजन घ्यायचं तर उपाशीपोटी. पाणीसुद्धा नाही. एरवी सकाळी नऊला उपासना, दहाला न्याहारी, त्यामुळं काही अडायचं नाही.

एका पावसाळ्यात पाद्रीसाहेबांची गाडी वाटेत अडकली. रुळांवर पाणी आलं होतं. दहा वाजले, बारा वाजले. आत्याबाई तशाच. योगायोगानं त्याच दिवशी मास्तर जेवायला आले. मी ताट मांडलं.

"विहीणबाई जेवल्या?"

म्हटलं, "नाही. पाद्रीसाहेब येईपर्यंत त्यांचा उपास आहे."

आमच्या मंडळीत असला नेम नाही. मास्तरांना एरवी हे पटलंही नसतं. पण त्यांनी ताट बाजूला सारलं. "घरातलं मोठं माणूस उपाशी असताना मी कसा जेवू?" म्हणून ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसले. ते जेवले नाहीत म्हणून मी जेवले नाही. तिकडं हे ड्यूटीवर होते. त्यांना कळलं, तर त्यांनीही डबा उघडला नाही.

पण हे नुसते बसून राहिले नाहीत. कुर्डुवाडीला तार केली, 'पाद्रीसाहेबांना सांगा. आई उपाशी.'

स्टेशनमास्तरांनी बघितलं. "हा काय रेल्वेचा मेसेज आहे?"

"पॅसेंजरबद्दलच आहे, साहेब!"

तीन वाजता गाडी आली. पाद्रीसाहेब बंगल्यावर गेले नाहीत, तोंड धुतलं नाही. हातात बॅग घेऊन पावसातून तडक देवळात! गोरा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. आत्याबाईंच्या हातावर भाकर ठेवून झाल्यावर त्यांनी त्यांच्या पुस्तकी मराठीत विचारलं, "आजीबाई, आपण फार क्षुधित असाल?"

आत्याबाई म्हणाल्या, "माझं सोडा. आमचे व्याही सकाळधरनं उपाशी हायती. त्यांच्याकडं आदी चला!"

*

लेकीचा बाप्तिस्मा स्टेशनच्या देवळात करायचा, असं मास्तरांनीच सुचवलं. म्हणाले, "विहीणबाईंनी तिच्या आईला उठवून बसवलंय. त्यांचा मान."

तिकडं एक रिवाज आहे. मुलाच्या वतीनं बोलायला धर्माचे आईबाप उभे करायचे. पाद्रीसाहेब विचारतात, की सैतानाचा आणि त्याच्या सगळ्या कामांचा तू त्याग करतोस का? त्यांनी पुस्तकातली एक ओळ वाचायची, 'मी त्याग करतो', की झालं. पाद्रीसाहेबांनी मोठ्या मनानं मास्तरांना उभं राहायची परवानगी दिली.

मास्तरांच्या हातात पुस्तक दिलं. ओळीवर ह्यांनी पेन्सिलीनं खूणसुद्धा करून ठेवली होती. पाद्रीसाहेबांनी प्रश्न विचारला.

मास्तरांनी पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि मनातून सुरू केलं! सैतान कोण, तो प्रथम बागेत कसा आला, सोलापुरात कुठून कुठून येतो, दारूच्या दुकानातून कसा, तरुणांच्या चैनीतून कसा, पंचांच्या भांडणांतून कसा. मग आपल्या नातीचा त्याच्याशी काहीएक संबंध राहू नये म्हणून एकेका कामाचा निराळा त्याग. आमच्या मंडळीतले जे चार लोक आले होते, ते माना डोलावत होते. बाकीचं देऊळ पुस्तकात पान शोधत होतं.

पाद्रीसाहेब पोरीला हातावर घेऊन उभे. त्यांनी हात बदलला. पुन्हा बदलला. पोर झोपली. शेवटी ते थोडे पुढं वाकले आणि अगदी अदबीनं म्हणाले,

"मास्तर, मला वाटते, सैतान आता गेला असावा."

*

लेक चार वर्षांची असताना पाद्रीसाहेब निवृत्त होऊन विलायतेला गेले. जाताना आमच्या घरी आले. आत्याबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी दुसऱ्या पाद्र्याची व्यवस्था होईल म्हणून सांगितलं. पण नवीन कोणी आलं नाही. स्टेशनाजवळची मराठी उपासना थांबली ती थांबलीच.

एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. ह्यांना आमच्या देवळात मिळत होतं, मला मिळत होतं. आत्याबाईंना कुठंच नाही.  महिन्याचा तो रविवार आला की त्या सकाळी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत, आणि दुपारी गुपचूप उठून भाकरी थापायला बसायच्या. हे बघवत नव्हतं. मी मास्तरांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

पुढचा रविवार आत्याबाईंचा तोच उपासाचा, आणि आमच्याकडंही त्या दिवशी प्रभुभोजन होतं. मी बायकांच्या बाजूला शेवटच्या ओळीत, दाराजवळ. आत्याबाई बाहेर पायरीवर, लेक त्यांच्या मांडीवर झोपलेली. आमच्या रिवाजाप्रमाणे आम्ही जागेवर बसलेले आणि पंच उभ्यानं तबक घेऊन फिरत होते. तबकात भाकरीचे तुकडे आणि छोटे प्याले. आमच्या बाजूला मास्तर वाढत होते.

शेवटची ओळ झाली. उरलेलं परत मेजावर नेऊन ठेवायचं असतं. मास्तरांनी मेजाकडं बघितलं. पाळक तिथं वाट बघत उभे होते. मग मास्तर वळले आणि तबक घेऊन दाराबाहेर गेले.

आत्याबाईंनी वर बघितलं.  मग त्यांनी मला खूण केली. मी जाऊन लेकीला उचलून घेतलं. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि पायरीवरच गुडघे टेकले. त्यांच्यात तसंच घेतात.

मास्तर तबक घेऊन उभे होते. त्यांच्या गुडघ्यांत वात. ते शाळेतसुद्धा खुर्चीचा हात धरून उठायचे. त्यांनी एक गुडघा टेकला. तबक डळमळलं, ते सावरलं. मग दुसरा टेकला.

आत्याबाईंनी घाई केली नाही. आधी त्यांची प्रार्थना म्हटली, सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आत पेटीवाल्यानं भाता धरून ठेवला होता. पुरुषांच्या बाजूला हे उभे राहिलेले मला दिसले. अण्णासुद्धा मान वळवून बघत होते. पाळक मेजापाशी तसेच उभे राहिले; त्यांनी भजन सांगितलं नाही.

आत्याबाईंनी डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून हात पुढं केले. मास्तरांनी भाकर ठेवली. मग प्याला दिला.

झालं, तरी दोघं तसेच पायरीवर. बराच वेळ. मला तर समोरचं दिसेनासं झालं होतं.

"उठा की आता, व्याही," आत्याबाई म्हणाल्या. "आन् मला बी हात द्या."